आखूड दोर

रॉटरडॅम, २९ जुलै १९४०

प्रिय वहिनी,

पोचलो. बोट पोचली, मी पोचलो, खिडकीतली तुझी लाल फुलंसुद्धा पोचली. त्यातलं एक रोप वाटेत आडवं झालं, पण ते आपल्या घराण्याचंच आहे. पडलं तरी मान वर.

तू धक्क्यावरून जे ओरडत होतीस त्यातलं निम्मं टगबोटीच्या भोंग्यात गेलं. "बोट परत आण" एवढं ऐकू आलं. पुढच्या शिव्या असाव्यात. तो सरकारी माणूस लढाईसाठी बोट ताब्यात घ्यायचा कागद घेऊन आला तेव्हापासून मलाही शिव्याच द्याव्याशा वाटताहेत. कागदावर मालकीण म्हणून तुझं नाव आणि तांडेल म्हणून माझं, आणि त्यांनी मालकिणीला उतरवून तांडेलाला ठेवून घेतलं. उलटं केलं असतं तर लढाई कधीच संपली असती.

इथल्या गोदीत 'योहाना'ची काही दुरुस्ती करणार आहेत. कसली ते सांगत नाहीत. मी मुकादमाला विचारलं, तर म्हणतो, "मामा, जेवलात का?" आपल्या मागेपुढे राईनवरच्या ओळखीच्या कितीतरी बोटी आहेत. कोळशाच्या, वाळूच्या, धान्याच्या. सगळ्यांना तेच उत्तर मिळतंय.

शहर कसं आहे ते विचारू नकोस. डच लोक आमच्याशी बोलत नाहीत. त्यांच्याही बोटी घेतल्यात, आणि त्यांना तर कागदसुद्धा दाखवला नाही.

तू काळजी करू नकोस. दादाच्या बोटीला ओरखडा येऊ देणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
थाइस

*

रूरओर्ट, ७ ऑगस्ट

थाइस,

शब्द नको, बोट दे.

चांगलं स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर 'वहिनी, तू बोललीच नाहीस' म्हणायला नको. मी लग्न होऊन त्या बोटीवर आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, नाक गळत होतं, आणि मला बघून माझी पेटी पाण्यात ढकलून दिलीस. तेव्हापासून तुम्हा दोघा भावांचं सगळं मी त्या बोटीवर केलं. सासूबाई जिवंत होत्या तोवर मला चुलीजवळ उभं राहू दिलं नाही. त्या गेल्यावर तुझ्या दादाने बोटीला त्यांचं नाव दिलं, आणि मग मी त्यांच्याच पोटात संसार केला. जमिनीवर माझं म्हणायला काही नाही. तुझा दादा गेला, मूलबाळ नाही. बोट गेली तर मी कोण? लिस्बेथची थोरली बहीण, जी कोपऱ्यात बसून बटाटे सोलते, ती.

लिस्बेथकडे बरी आहे. खोली स्वच्छ आहे. फक्त हलत नाही. पाय जिथे ठेवावा तिथेच राहतो, त्याने डोकं दुखतं.

इथे बंदर ओस पडलंय. आपल्या एकट्या धक्क्यावरून आठ बोटी नेल्या. कोळशाचे ढीग तसेच पडलेत आणि ते न्यायला बोट नाही म्हणून भट्टीवाले बोंबलताहेत. लिस्बेथचा नवरा रेडिओला कान लावून बसतो आणि मला सांगतो की समुद्रापलीकडच्या त्या बेटावरच्या लोकांचं आता संपलंच, आज-उद्या हात जोडतील. मी म्हटलं, संपलंय ना, मग आमच्या बोटी कशाला हव्यात? तर म्हणतो, "ड्रीका, तुला राजकारण कळत नाही." बरं बाबा, नाही कळत. तुला कळलं तर तू सांग.

पुढच्या कोठडीच्या खिडकीला तडा आहे, आठवतंय ना? तुझा दादा शेवटचा हिवाळा तिथे खोकत पडला होता तेव्हाच ती बुजवायची राहिली. थंडीआधी लांबी भर. आणि चुलीवर काहीही उतू घालू नकोस.

ड्रीका

*

(ठिकाण लिहायला मनाई आहे), २१ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

आता आम्ही समुद्रावर आहोत. कुठल्या ते लिहिलं तर कुणीतरी काळ्या शाईने पुसेल, उगाच त्याला काम. किनाऱ्याकिनाऱ्याने टगबोटीने ओढत आणलं. राईनवरचे सगळे पट्टीचे खलाशी कठड्याला ओणवे होऊन ओकत होते. मीसुद्धा. जन्म पाण्यावर गेला, पण ते पाणी आपल्याला ओळखत नाही.

तुला हसायला एक गोष्ट सांगतो. इथे आल्यावर मी बोट धक्क्याला बांधली. कशी? दादाने शिकवली तशीच. पुढून एक, मागून एक, दोर ताठ, दोन वेढे, सैल म्हणून काही ठेवायचं नाही. नदीत बोट सैल सोडली की प्रवाह तिला खेळवतो, हे तुला काय सांगायचं. बांधून झालं, आत गेलो, बटाटे सोलायला बसलो. थोड्या वेळाने बटाटे चालायला लागले. मग पातेलं निघालं. मग मी. बाहेर येऊन बघतो तर बोट तिरकी, दोर तंतुवाद्यासारखे वाजताहेत, आणि पाणी? पाणी खाली निघून चाललंय! ओहोटी, वहिनी! आपण ऐकून होतो, पण पाणी एवढं खाली जातं हे कुणाच्या बापाला माहीत! दोन-तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं. 'योहाना' धक्क्याला टांगली गेली होती, खुंटीला कोट टांगावा तशी.

उत्तरेकडचा एक दर्यावर्दी खलाशी कुऱ्हाड घेऊन धावत आला आणि त्याने दोर तोडले. बोट धप्पकन पाण्यात पडली. तो मला म्हणाला, "अहो राईनवाले, इथलं पाणी नोकरीला आहे, सकाळी येतं, दुपारी जातं! दोर लांब सोडा!" तेव्हापासून सगळं बंदर मला 'टांगलेला तांडेल' म्हणतं. जेवणाच्या रांगेत उभा राहिलो की कुणीतरी ओरडतं, "मामा, ताट घट्ट बांधलंय ना?"

बोटीला काही झालं नाही. सगळं ठीक आहे. खिडकीचं बघतो.

थाइस

*

रूरओर्ट, २८ ऑगस्ट

थाइस,

टांगलेला तांडेल! तुझं पत्र मी धक्क्यावर वाचून दाखवलं. म्हातारा कोबेस एवढा हसला की त्याच्या तोंडातला पाइप पाण्यात पडला. बऱ्याच दिवसांत इथे कुणी हसलं नव्हतं. इथल्या पोरींनीही तुझं तेच नाव ठेवलंय, लग्नाचं आता विसर.

पण मला एक खटकलं. तू सगळं लिहिलंस, बटाटे चालले तेसुद्धा लिहिलंस, आणि बोटीबद्दल नुसतं 'ठीक आहे' म्हणालास. लहानपणी काही फोडलंस की तू असंच म्हणायचास. "वहिनी, सगळं ठीक आहे." गोदीत काय दुरुस्ती केली? फुलांना पाणी घालतोस का? खिडकी बुजवलीस का? एक ओळ लिही, पण खरी लिही.

आणि तिथे तुम्हाला नेलंय कशासाठी, ते आता मला कळतंय. मी मूर्ख नाही. समुद्र, बेट आणि सपाट बुडाच्या बोटी. लिस्बेथचा नवरा आता राजकारणावर बोलत नाही. मी त्याला म्हटलं, कोळशाच्या बोटीने समुद्र ओलांडायचा असतो का रे? तो उठून बाहेर गेला.

इथे सगळं ठीक आहे.

ड्रीका

*

४ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. धक्क्यावर आपल्या रूरओर्टच्या युपचा पाय चेंगरला, त्याला घरी पाठवताहेत. त्याच्या बुटात घालून देतो. वाचून झालं की चुलीत घाल. म्हणून आज खरं लिहितो.

खिडकी बुजवली नाही, कारण खिडकी नाही. कोठडीच नाही. रॉटरडॅमला त्यांनी 'योहाना'चं नाक कापलं. पुढचा सगळा भाग, दादाच्या कोठडीसकट. आता तिथे दार आहे, ते पाडलं की रणगाडा उतरायला उतार होतो. तळात सिमेंट ओतलंय. तुझी चूल काढून टाकली, जागा लागते म्हणून. मी मुकादमाच्या अंगावर धावून गेलो, दोघांनी मला धरलं. मग मी एका कोपऱ्यात बसून लहान पोरासारखा रडलो. 'ठीक आहे' लिहिताना मला तुझा चेहरा दिसत होता. फुलं आहेत. ती मागे, सुकाणूपाशी ठेवलीत. पाणी घालतो.

रॉटरडॅमचंही सांगतो. शहराचा मधला भाग नाही. मे महिन्यात आपल्या विमानांनी केलं. नुसतं सपाट, विटा रचून ठेवलेल्या. आमच्या शेजारच्या बोटीवरून एका डच बाईला उतरवलं, कडेवर मूल, हातात घड्याळ. तिने माझ्याकडे बघितलं. तू धक्क्यावर उभी होतीस तशीच ती उभी होती, फक्त ओरडली नाही. मी सुकाणू साफ करत असल्याचं नाटक केलं.

तू विचारलंस, कशासाठी. आमचा लेफ्टनंट ब्रांडिस मुळातला भूगोलाचा मास्तर. भला माणूस आहे, संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसतो, फुलांचा वास घेतो. मी त्यालाच विचारलं. म्हटलं, साहेब, सगळी जमीन तर घेतली, आता त्या बेटात असं काय आहे, जे आपल्याकडे नाही? त्याने काडीने वाळूवर नकाशा काढला. म्हणाला, "बेटात काही नाही हो, थाइस. बेट ऐकत नाही, एवढंच आहे. फ्रान्स पडल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हे तह करतील. नाही केला. ते उभे आहेत तोवर लढाई संपत नाही. त्यांची जहाजं आपला माल अडवतात, त्यांची विमानं आपल्या गावांवर येतात, आणि उद्या समुद्रापलीकडचं कुणी त्यांच्या मदतीला आलं, तर ते त्याच दारातून येणार. म्हणून ते दार बंद करायचं." मी म्हटलं, मग आरमाराने करा. तर म्हणाला, आरमार वसंतात नॉर्वेत निम्मं बुडालं. म्हणून आधी विमानांनी आकाश मोकळं करायचं, मग तुम्ही कोळसेवाल्यांनी फौज पलीकडे न्यायची. तेही वादळं सुरू व्हायच्या आत.

वहिनी, जमिनीवर उभं राहून ऐकलं की त्याचं सगळं पटतं. बोटीवर पाय ठेवला की एकही कारण उरत नाही.

गेल्या आठवड्यात सराव केला. वारा अगदी साधा होता, दिव्याची ज्योत हलेल एवढा. आमच्या रांगेतल्या एका बोटीच्या पुढच्या दारातून पाणी शिरलं आणि ती बसलीच. आतल्या शिपाई पोरांच्या पाठीवर ओझी होती. काहींना काढलं. 'योहाना'च्या दारातूनही पाणी येतं, घोट्यापर्यंत. आपल्या बोटीचा काठ पाण्यापासून किती वर असतो ते तुला माहीत आहे, फुलांची कुंडी ठेवावी एवढा. पलीकडचा पांढरा किनारा कधीकधी दिसतो. मी तिकडे बघत नाही.

हुकूम आला की जायचं. कधीही येईल म्हणतात. मी तुला बोट सांभाळायचा शब्द दिला होता. आता तो परत मागतो. बोटही येणार नाही आणि बहुधा मीही नाही. रागावू नकोस. मला समुद्राची भीती वाटते, वहिनी. खूप वाटते. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार?

थाइस

*

रूरओर्ट, ८ सप्टेंबर

प्रिय थाइस,

युप भेटला. त्याचा पाय बरा होईल. त्याने सगळी खुशाली सांगितली. चूल छान पेटली.

आज तुला जरा घरगुती लिहिते, लढाईच्या माणसांना घरगुती वाचायला बरं वाटतं म्हणतात.

मला तुझ्या विसरभोळेपणाची काळजी वाटते. लहानपणापासून तू तसाच. टोपी विसरायचास, दूध आणायला जाऊन भांडंच विसरून यायचास. आणि आता तो दोर. त्यात तुझी चूक नाही, नदीच्या माणसाच्या हाताला जी गाठ लागलेली असते ती काही एका महिन्यात सुटत नाही. मी कोबेसला म्हटलं, आमचा थाइस एकदा आखूड दोर बांधून बसला, तो पुन्हाही बांधेल, बघा तुम्ही. तिथल्या लोकांनाही तुझी सवय माहीतच आहे, तुझं नावच तसं ठेवलंय. कुणाला नवल वाटायचं नाही.

तुझा दादा म्हणायचा, आधी बोट, मग माणूस. बोट राहिली तर माणसाचं भागतं. मी त्याच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही. पण तो आता नाही, आणि कागदावर मालकीण मी आहे. मालकीण म्हणून सांगते, मला ते पटत नाही.

सासूबाईंचं आता वय झालं. त्यांचं दुखणंही मला कळलं. अशा दुखण्यात फार दिवस काढू नयेत माणसाने. त्या गेल्या तर मी रडेन, पण कुणावर रागावणार नाही. नीट वाच. कुणावर रागावणार नाही.

आतमध्ये माणसं असताना मात्र विसरू नकोस. एरवी विसर.

जेवत जा.

तुझी वहिनी,
ड्रीका

*

१८ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

वाईट बातमी आहे. माझ्या हातून पुन्हा तीच चूक झाली.

रविवारी सगळ्या पोरांना उवा मारायच्या अंघोळीला नेलं होतं. बोटीवर मी एकटाच. भरती पूर्ण होती. मी दोर बदलले आणि सवयीने ताठ बांधले, दादाने शिकवले तसे, दोन वेढे. मग धक्क्यावर बिडी ओढत बसलो आणि डोळा लागला. ओहोटीत बोट टांगली गेली. मागच्या वेळी कुऱ्हाड घेऊन धावणारा तो दर्यावर्दीही अंघोळीलाच गेला होता. पुढचा दोर तुटला. तळात सिमेंट, त्याचं वजन. ती धक्क्याच्या दगडी पायरीवर पडली आणि तिचा कणा मोडला. मोठा आवाज झाला. तो आवाज मी तुला सांगू शकत नाही.

चौकशी झाली. कप्तान म्हणाला, मुद्दाम केलं असेल तर भिंतीसमोर उभा करीन. तेव्हा तो दर्यावर्दी पुढे झाला. म्हणाला, "साहेब, हा टांगलेला तांडेल. पहिल्या दिवशीही ह्याने हेच केलं, सगळ्या बंदराला विचारा." मागे उभी असलेली माणसं हसायला लागली. कप्तानालाही हसू आवरेना. त्याने लिहून घेतलं की राईनवरचे लोक समुद्राला निरुपयोगी. ब्रांडिस साहेब हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फुलं उचला, थाइस. ती तेवढी वाचली."

आता मी धक्क्यावर गोण्या उचलतो. मला बोटीवर घेत नाहीत.

वहिनी, मला माफ कर. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही.

थाइस

*

रूरओर्ट, २६ सप्टेंबर

थाइस,

तुझ्यासारखा मूर्ख राईनवर झाला नाही आणि होणार नाही! बापजाद्यांची बोट! एवढं शिकवून हातात काय आलं? मी आल्यागेल्याला सांगतेय, माझा दीर मुलखाचा वेंधळा आहे, त्याच्या हाती दोर देऊ नका. लिस्बेथच्या नवऱ्यानेसुद्धा मान डोलावली.

गोण्या उचलताना पाठ सांभाळ.

ड्रीका

*

वेसेलजवळ, राईनवर, १७ नोव्हेंबर

वहिनी,

परत नदीवर आलो. माणसं कमी पडताहेत म्हणून निरुपयोगी माणसांनाही काम मिळालं. एका टगबोटीवर खलाशी म्हणून आहे. हे पत्र वरच्या बाजूला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देतोय, तेव्हा बोलता येईल.

तुला कळलंच असेल. माझ्या 'चुकी'नंतर आठवडा गेला नसेल, आणि हुकूम आला. जायचा नाही. पांगायचा. शत्रूची विमानं बंदरातल्या बोटी जाळत होती, आकाश काही मोकळं झालं नव्हतं, वारा फिरला होता. बोटी मागे, आतल्या कालव्यांत न्या म्हणाले. वसंतात बघू म्हणाले. मी गोणी खांद्यावर घेऊन उभा होतो, आणि समोरून एकेक बोट बाहेर पडत होती, कोबेसच्या पोराची, युपची, सगळ्यांची. 'योहाना'ची जागा रिकामी होती. एक आठवडा, वहिनी! एक आठवडा कळ काढली असती, तर नकटी का होईना, ती तुझ्या दारात आली असती.

निघायच्या आदल्या दिवशी मी ब्रांडिस साहेबाला विचारलं, आपण खरंच जाणार होतो का? त्याने फुलांचं एक सुकलेलं पान खुडलं. मग म्हणाला, "मला वाटतं, ज्यांनी हुकूम काढला त्यांनाही ते माहीत नव्हतं. बेटवाले घाबरून तह करतील अशी आशा होती. घाबरवायला बोटी लागतात. खऱ्या लागतात, नुसत्या चित्रातल्या चालत नाहीत." म्हणजे कुणालातरी भीती दाखवायला त्यांनी तुझी चूल काढून फेकली. आणि घाबरलं कोण, तर मी.

मी तुला माझ्या भीतीबद्दल लिहायला नको होतं. मी लिहिलं नसतं तर तू ते घरगुती पत्र लिहिलं नसतंस. माझ्या एका रडण्यापायी तू बेघर झालीस. कुठल्या तोंडाने येऊ? बोटीवरची नावाची पाटी मी काढून ठेवली होती, ती ह्या माणसाबरोबर पाठवतोय. फुलंही. त्यातलं एक मेलं.

थाइस

*

रूरओर्ट, २४ नोव्हेंबर

थाइस, बाळा,

पाटी मिळाली. मोरीच्या वर लावली. मी भांडी घासते आणि सासूबाई वरून बघतात, लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी बघायच्या तशाच.

हो, बोटी परत येताहेत. आपल्या धक्क्यावरच्या आठांपैकी पाच आल्या. पुढून लाकडी फळ्या ठोकलेल्या, सगळ्या ओळखीच्या आणि एकीचंही तोंड ओळखू येत नाही. मी रोज जाऊन बघते. बायका चढतात, खिडक्या पुसतात, पडदे लावतात. परवा कोबेसच्या सुनेने मला विचारलं, "ड्रीकाकाकू, तुमची कधी येणार?" तिला माहीत आहे, तरी तिच्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, आमचा वेंधळा आहे ना गं, टांगली त्याने. ती हसली. मीही हसले. घरी आले आणि दार लावून रडले. हे तुझ्यापासून लपवणार नाही, आता आपण एकमेकांपासून पुष्कळ लपवलं.

मीही लपवलंच. 'इथे सगळं ठीक आहे' लिहिलं तेव्हा लिस्बेथच्या घराच्या काचा फुटून गेल्या होत्या. बंदरावर बॉम्ब पडले, समोरची तीन घरं गेली. मी आता लिस्बेथच्याच इमारतीत वर, चौथ्या मजल्यावर, पत्र्याखाली राहते. रॉटरडॅमची ती बाई माझ्या डोळ्यासमोर येते. तिच्या हातात घड्याळ होतं. हल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातात चहाची गाळणी होती, का ते देवालाच ठाऊक.

तू आठवड्याचा हिशेब मांडतोस. एक आठवडा कळ काढली असती तर. अरे, मला त्या आठवड्याची काय खात्री होती? मला तुझं एक वाक्य माहीत होतं, की तुला खूप भीती वाटते. नऊ वर्षांचा असल्यापासून तू मला कधी असं म्हणाला नव्हतास, तापात फणफणलास तेव्हासुद्धा नाही. उद्या पुन्हा लिहिलंस, तर मी पुन्हा तेच घरगुती पत्र लिहीन. बोट माझी होती. ती कशावर घालवायची ते मी ठरवलं. त्यातला अर्धा गुन्हाही तुला देणार नाही, मागू नकोस.

मात्र दमले रे. फार दमले. लोकांना तुझा वेंधळेपणा सांगून सांगून दमले, आणि तो जन्मभर सांगावा लागणार. तू येशील तेव्हा चारचौघांत मी तुला शिव्या देईन. मान खाली घालून ऐक, आणि मग वर ये.

टगबोट रूरओर्टला लागली की थेट ये. बटाटे आहेत, बिटाचा पाक आहे, फुलं खिडकीत ठेवलीत. ही मेली खोली काही केल्या हलत नाही, मला अजून झोप लागत नाही. तेव्हा जिना चढताना जरा पाय आपटत ये. लाकडी आहे, सगळी इमारत हलते. शेजारी बोंब मारतील, मारू देत. मला आतून कळेल की कुणीतरी बोटीवर चढलं.

तुझी वहिनी